नरक्या : सह्याद्रीतल्या एका झाडाचा अर्क आणि त्यामागचा इतिहास

नरक्याच्या फुलांना इतका घाण वास येतो की झाडाचं नावच त्यावरून पडलं. लॅटिन नावातही पूर्वी 'फीटिडा', म्हणजे दुर्गंधी, हाच शब्द होता. जुने शोधनिबंध 'मॅपिया फीटिडा' या नावाने सापडतात, मधले 'नॉथापोडायटिस फीटिडा' आणि आताचे 'नॉथापोडायटिस निम्मोनियाना' या नावाने. शोधताना तिन्ही नावं टाकावीत, नाहीतर या झाडात कर्करोगावरचं द्रव्य सापडल्याचा 1972 चा मूळ निबंधच हातून सुटतो.

गोष्ट सुरू झाली ती एका चिनी झाडापासून. 1966 मध्ये अमेरिकेत वॉल आणि वाणी या रसायनशास्त्रज्ञांनी कॅम्प्टोथेका या झाडाच्या लाकडातून कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगावर काम करणारं द्रव्य वेगळं केलं. रक्ताचा कर्करोग असलेल्या उंदरांवर प्रत्येक टप्प्याचा अंश तपासत ते तिथवर पोहोचले. ही पद्धतच निर्णायक ठरली, कारण शुद्ध कॅम्प्टोथेसिन अल्कलॉइडांच्या (वनस्पतींतल्या नायट्रोजनयुक्त द्रव्यांच्या) नेहमीच्या ड्रॅगेनडॉर्फ चाचणीला प्रतिसाद देत नाही. नारिंगी साका दिसला नाही म्हणून अर्क टाकून दिला असता, तर औषधही गेलं असतं. 1972 मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांना हेच द्रव्य आपल्या नरक्यात सापडलं.

पुण्यात या विषयाला जुना पाया आहे. मुंबई इलाख्याच्या वनस्पतींची नोंद करणारे थिओडोर कुक इथल्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य होते. पुढे 1946 मध्ये शं. पु. आघारकरांची संस्था उभी राहिली, 1950 मध्ये राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आली आणि 1955 मध्ये भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय कार्यालय. आजही मुळशी-सिंहगडाकडून पाला आणून अर्काचे प्रकल्प होतात. त्यांत पहिली चूक झाड नेमकं ओळखण्यात होते. फुला-फळांसकट दाबलेला नमुना हर्बेरियमला, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहालयाला, दाखवून क्रमांक घेतला नसेल, तर पुढचं सगळं काम अधांतरी राहतं.

अर्कासाठी नरक्याच्या लाकडाचे पातळ काप सावलीत वाळवून दळावेत. ओल राहिली तर बुरशी धरते. 10 ग्रॅम भुकटी आधी हेक्झेनने धुवून तेलकट भाग काढावा, मग सॉक्सलेटमध्ये (तेच द्रावक पुन्हा पुन्हा फिरवणाऱ्या काचेच्या उपकरणात) मिथेनॉलने सुमारे आठ तास अर्क काढावा आणि कमी दाबाखाली 40-45 अंशांवर आटवावा. लाकडात 0.1 टक्का कॅम्प्टोथेसिन धरलं, तर या सगळ्यातून हाती येणार जेमतेम 10 मिलिग्रॅम. अर्कातली द्रव्यं वेगळी करणाऱ्या पातळ थराच्या पट्टीवर 365 नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली ते निळं चमकतं. शेजारी शुद्ध नमुन्याचा ठिपका हवाच, कारण निळं चमकणारं प्रत्येक द्रव्य कॅम्प्टोथेसिन नसतं. काढ्यात मात्र ते फार थोडं उतरतं, कारण पाण्यात ते जवळजवळ विरघळतच नाही.

याच अडचणीने औषधाला कित्येक वर्षं अडवलं. विरघळावं म्हणून अल्कलीत सोडियम क्षार केला की रेणूतलं लॅक्टोनचं कडं उघडतं आणि गुण बहुतांशी जातो. 1970 च्या दशकात अमेरिकेत हाच क्षार रुग्णांना दिला, तेव्हा लाभ थोडा झाला आणि मूत्राशयातून रक्तस्राव होऊ लागला. चाचण्या थांबल्या. 1985 मध्ये कॅम्प्टोथेसिन हे डीएनएचा पीळ सोडवणाऱ्या टोपोआयसोमरेज-1 या विकरावर काम करतं हे कळलं. मग कडं शाबूत ठेवून रेणूत बदल झाले आणि 1996 मध्ये टोपोटेकन व इरिनोटेकन या त्यातून झालेल्या औषधांना अमेरिकेत मान्यता मिळाली.

औषधाला मागणी आली आणि घाटातलं नरक्याचं लाकूड चोरट्या वाटांनी बाहेर जाऊ लागलं. पानांत द्रव्य कमी, खोडा-मुळांत जास्त, त्यामुळे झाड मुळासकट जातं. प्रकल्पासाठी 10 ग्रॅम भुकटी हवी असेल, तर वनखात्याच्या परवानगीने तोडलेली एक फांदी पुरते.