भाकरी ज्वारीची आहे, पण परात कशाची?

सिलिएक (गहू आयुष्यभर बंद करावा लागतो असा आतड्याचा आजार) असलेल्या माणसाला मराठवाड्यात बाहेर जेवणं खरंतर सोपं जायला पाहिजे. लातूर, बीड, परभणी, कुठंही जा, ज्वारीची भाकरी मिळते, थंडीत बाजरीची मिळते, पिठलं आहे, ठेचा आहे, वरण-भात आहे, आणि शेंगदाण्याची चटणी तर न मागता येते. यातल्या कशातच गहू नाही. तरीपण ढाब्यावर भाकरी-पिठलं खाऊन आलेला पेशंट दुसऱ्या दिवशी पोट धरून बसतो, किंवा त्याला काहीच होत नाही आणि काही महिन्यांनी ब्लड रिपोर्टमधे अँटिबॉडीज वाढलेल्या निघतात, आणि मला विचाराल तर हे दुसरं जास्त वाईट, कारण त्रास झाला नाही म्हणून माणूस त्याच ठिकाणी परत परत जेवत राहतो.

आधी आजार नेमका काय ते थोडक्यात. गहू, जव आणि राय (गव्हासारखं एक धान्य, मोहरी नव्हे) या धान्यांमधल्या प्रोटीनला ग्लूटेन म्हणतात. आपल्या पोटातले पाचक रस हे प्रोटीन पूर्ण तोडू शकत नाहीत, त्याचे लांब तुकडे शिल्लक राहतात (त्यातला एक ३३ अमिनो अॅसिडचा तुकडा २००२ साली शोधला गेला). बहुतेक लोकांना त्याने काही फरक पडत नाही, पण काही विशिष्ट जीन्स असलेल्यांपैकी काही जणांची इम्यून सिस्टिम त्या तुकड्यांना शत्रू समजते आणि त्या भांडणात स्वतःच्याच लहान आतड्याचं नुकसान करून घेते. आतड्याच्या आतला भाग टर्किश टॉवेलसारखा असतो, बारीक बारीक धागे वर आलेले, त्यांच्यावरूनच अन्न शोषलं जातं, सिलिएकमधे ते धागे झिजून सपाट होतात. मग लोह शोषलं जात नाही, कॅल्शियम जात नाही, लेकराची उंची वाढत नाही, हिमोग्लोबिन गोळ्या खाऊन पण वर येत नाही. यावर अजूनतरी गोळी नाही, ग्लूटेन आयुष्यभर बंद हाच इलाज.

आता हॉटेलातला नेहमीचा डायलॉग, "साहेब, एवढ्या जाळावर काय राहतंय, सगळं मरून जातं." मरतात ते जंतू. ग्लूटेन जिवंतच नाही तर मरेल कसं. भाजलं, तळलं, उकळलं की प्रोटीनचा आकार बदलतो, पण शरीर जो तुकडा ओळखतं ती अमिनो अॅसिडची साखळी तशीच राहते, त्यामुळं तंदूरमधून निघालेलं पीठ आणि डब्यातलं पीठ सिलिएकवाल्याला सारखंच.

आणि किती पीठ? हा हिशोब एकदा करून बघा, मग बाकी सगळं आपोआप समजतं. सिलिएक असलेल्या बहुतेक लोकांना दिवसाला १० मिलिग्रॅमपर्यंत ग्लूटेन चालून जातं असं मानतात, आणि २००७ च्या एका अभ्यासात रोज ५० मिलिग्रॅम तीन महिने दिल्यावर आतड्याचं नुकसान दिसलं होतं. गव्हाच्या पिठात वजनाच्या अंदाजे दहावा भाग ग्लूटेन असतं, म्हणजे ३० ग्रॅम पिठाच्या एका पोळीत सुमारे ३ ग्रॅम, म्हणजे ३००० मिलिग्रॅम. दहा मिलिग्रॅम म्हणजे त्या पोळीचा तीनशेवा भाग. चिमटीत धरायला गेलं तर हातात येणार पण नाही एवढं पीठ. पाकिटावर ग्लूटेन-फ्री लिहायचं असेल तर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा कमी पाहिजे हा नियम यातूनच आलाय, आपल्याकडं एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नाचे नियम ठरवणाऱ्या सरकारी संस्थेचा, पण तोच आकडा आहे.

आता हा आकडा डोक्यात ठेवून ढाब्यावरची भाकरी बघा. ज्वारी गिरणीत गेली तेव्हा तिच्या आधी कुणाचा गहू दळला? गिरणीत मागच्या घाण्याचं पीठ पावशेर-अर्धापाव तरी अडकून असतंच, घरी पण पोळ्यांच्या पिठात ज्वारीचं पीठ आलं म्हणून आपण कुरकुर करतोच की. मग परात, एकच परात, सकाळी त्यात कणीक मळली. मग तवा, अर्ध्या भागावर पोळी अर्ध्यावर भाकरी. आणि सगळ्यात मोठी गोष्ट जी कुणी सांगत नाही, ज्वारीच्या पिठात बरेच जण मूठभर गव्हाचं पीठ टाकतात. कारण साधं आहे, ग्लूटेन नाही म्हणूनच ज्वारीचं पीठ ताणलं जात नाही, पीठ जुनं होऊन विरी गेली की भाकरी थापताना तुटते, घरी आपण आधणाचं पाणी घालतो, पण गर्दीच्या वेळी शंभर भाकऱ्या टाकायच्या तर मूठभर कणीक सोपी पडते. म्हणजे ज्या गुणामुळं ज्वारी आपल्याला चालते त्याच गुणामुळं हॉटेलवाला तिच्यात गहू घालतो! ज्वारीचा यात काही दोष नाही हां, तिच्यात सिलिएकला घातक प्रोटीन नाही हे २०१३ साली जनुकं तपासून पण दाखवून झालंय.

म्हणून "ग्लूटेन-फ्री आहे का" असं विचारूच नका, वेटर "हो हो मिळेल" म्हणतो. थेट भाकरी करणाऱ्या मावशींकडं जायचं. "मावशी, डॉक्टरनी गहू बंद केलाय, पिठात कणीक घालता का? परात धुवून देता का? तव्यावर आधी पोळी टाकली होती का?" पथ्य म्हटलं की आपल्याकडची माणसं जीव लावून ऐकतात, त्यात लाजायचं काही नाही. दुपारी तीन-चारला जा, गर्दीत कुणालाच वेळ नसतो. आणि उत्तर गुळमुळीत आलं तर सरळ भात घ्या, पांढरा, वेगळा शिजवलेला.

बाकी पदार्थांचं पटकन सांगतो. धपाटे म्हणजे ज्वारीचेच असं समजू नका, त्यात गव्हाचं पीठ बहुतेक वेळा असतंच, थालीपिठाच्या भाजणीत पण. संभाजीनगरला नान खलिया खायला गेलात तर नान गेलाच, खलिया भातासोबत चालू शकेल पण मसाल्याचं आणि रश्शात काही घातलंय का ते विचारून. भजी बेसनाची असली तरी कढईत आधी समोसे आणि पुऱ्या तळलेल्या असतात. चायनीजच्या गाडीचा नाद सोडा, मंचुरियनमधे मैदा तर सगळ्यांना माहितीये, पण नेहमीचा सोया सॉस पण गहू घालून बनवतात. रवा इडली, रवा डोसा नको, साध्या इडलीला हरकत नाही.

हिंगावरून नेहमी वाद होतो. बाजारातल्या बांधणी हिंगात मैदा किंवा तांदळाचं पीठ मिसळलेलं असतं. समजा दोन किलो वरणाला एक ग्रॅम हिंग, त्यात निम्मा मैदा, तर १५० ग्रॅमच्या वाटीत साधारण ४ मिलिग्रॅम ग्लूटेन. एकट्याने फार नाही, पण वरण, आमटी, कढी, भाजी सगळ्यातच तोच हिंग असेल तर दिवसाचा कोटा तिथंच संपला. घरी बिनमैद्याचा घ्या, हॉटेलात बिनहिंगाचं, बिनफोडणीचं वरण मागा.

मोठ्या शहरातल्या भारी हॉटेलात मेनूवर ग्लूटेन-फ्री छापलेलं असतं, त्यावर पण डोळे झाकून जाऊ नका. अमेरिकेत लोकांनी खिशातल्या मशीनने हॉटेलात केलेल्या पाच हजारांवर टेस्टचा अभ्यास २०१९ साली आला, ग्लूटेन-फ्री म्हणून दिलेल्या पदार्थांपैकी ३२ टक्क्यांत ग्लूटेन सापडलं, पिझ्झ्यात तर निम्म्याहून जास्त. ते मशीन किलोमागे २० मिलिग्रॅमच्या खालचं पण पकडतं, म्हणजे सगळंच घातक होतं असं नाही. उलट बाजू पण आहे, २०२० च्या एका छोट्या अभ्यासात सामायिक टोस्टर आणि चाकूमधून फार कमी ग्लूटेन आलं, पण गव्हाचा पास्ता उकळलेल्या पाण्यातच दुसरा शिजवला तर मर्यादा ओलांडली गेली. म्हणजे घाबरायचंच तर सुक्या पिठाला, सामायिक पाण्याला आणि तेलाला जास्त घाबरा, धुतलेल्या ताटाला नको.

मला विचाराल तर आपल्याकडची सगळ्यात भरवशाची ऑर्डर उपवासाची. भगर-आमटी, साबुदाणा खिचडी, राजगिऱ्याचा लाडू. एकादशीला आचारी स्वतःहून वेगळी कढई काढतो, जी गोष्ट आजाराच्या नावाने समजावताना घसा कोरडा पडतो ती उपवासाच्या नावाने एका शब्दात होते. इतर दिवशी मात्र तळणाचं तेल वेगळं आहे का विचारा. हुरड्याला पण बिनधास्त जा, फक्त त्याच आगटीत गव्हाच्या ओंब्या भाजल्यात का ते बघा, आणि शेजारच्याने ओंब्या चोळलेल्या हाताने तुमचा हुरडा चोळून देऊ नये.

आणि हे वाचून कुणाला वाटलं की आपलं पण असंच काहीतरी असेल, तर लगेच पोळी बंद करू नका. गहू सोडला की अँटिबॉडीज कमी होतात आणि टीटीजी टेस्ट (त्याच अँटिबॉडीज मोजणारी रक्ताची टेस्ट) खोटी निगेटिव्ह येऊ शकते. आधी टेस्ट, गरज असेल तर दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून तपासणे, हे सगळं पोळी खात खातच, आणि मग पथ्य.