लैंगिक गुन्हेगारांचा धोका जोखताना

लैंगिक गुन्ह्यात दोषी ठरलेला माणूस शिक्षा भोगून कोकणातल्या आपल्या वाडीत परततो, तेव्हा तो पुन्हा तेच करील का, एवढाच प्रश्न गावाला पडतो. हॅन्सन आणि मॉर्टन-बुर्गाँ या संशोधकांनी २००५ साली ८२ अभ्यासांतील २९,४५० अपराध्यांची माहिती एकत्र तपासली; पाच-सहा वर्षांत १३.७ टक्के जणांनी पुन्हा लैंगिक गुन्हा केल्याची, तर ३६.२ टक्के जणांनी कोणता ना कोणता गुन्हा केल्याची नोंद त्यांना आढळली. उघडकीस न आलेले गुन्हे यात नाहीत, हे खरेच. तरीही चोरी, मारामारी यांचा सर्वसाधारण धोका वेगळा मोजायला हवा, हे यातून दिसते.

‘स्टॅटिक-९९’ ही दहा बाबींची मोजपट्टी वय, पूर्वीचे गुन्हे, पीडित व्यक्ती अनोळखी होती का, अशा प्रामुख्याने न बदलणाऱ्या गोष्टींवरून लैंगिक गुन्ह्याच्या पुनरावृत्तीचा अंदाज बांधते. लक्ष कोणावर ठेवावे हे ती सांगते, पण त्याच्यासाठी काय करावे हे सांगत नाही. त्यासाठी अँड्र्यूज आणि बोन्टा या कॅनडातील मानसशास्त्रज्ञांची ५४ प्रश्नांची सूची रोजगार, सोबती, व्यसन, कुटुंब आणि गुन्ह्याविषयीची वृत्ती तपासते, कारण यांतले बरेच काही बदलता येते आणि बदलले तर धोकाही घटतो. उपचाराची गरज म्हणतात ती हीच. गुन्हा नाकारणे किंवा पीडितेविषयी सहानुभूती नसणे यांचा पुनरावृत्तीशी फारसा संबंध हॅन्सन आणि मॉर्टन-बुर्गाँ यांच्या अभ्यासात आढळला नाही. तेव्हा अश्रू पाहून निश्चिंत होणे जितके चुकीचे, तितकेच निगरगट्ट चेहरा पाहून धोका ठरवणेही.

परक्या देशातली सूची इथे जशीच्या तशी लावता मात्र येत नाही. समजा, हर्णै बंदरावरचा एखादा खलाशी पावसाळी मासेमारीबंदीत, जून-जुलैमध्ये, घरी बसला आहे. केवळ त्यावरून त्याला ‘बेरोजगार’ ठरवून धोक्याचे गुण वाढवणे अन्यायाचे होईल; पण याच रिकाम्या महिन्यांत तो जुन्या सोबत्यांबरोबर दारूला लागत असेल, तर त्याची गरज नेमकी तिथे आहे. ते शोधायला कागदावरच्या खुणांपेक्षा सविस्तर मुलाखत आणि घरच्यांशी बोलणे लागते. शिवाय सखोल उपचार जास्त धोक्याच्या माणसांनाच द्यावेत, कारण कमी धोक्याच्या माणसाला त्यांच्यात बसवल्यास त्याचा धोका वाढूही शकतो.

आपल्याकडे २०१८ साली सुरू झालेल्या लैंगिक गुन्हेगारांच्या राष्ट्रीय नोंदवहीत दोषींची नावे, छायाचित्रे, पत्ते आणि बोटांचे ठसे असतात. तपासाला ते उपयोगी पडते. त्या खलाशाला जून महिन्यात कोणती मदत हवी, हे त्यावरून कळत नाही.