११२ ला आपोआप फोन लागला तर कट करू नका

"फोन खिशातनं आपोआप ११२ ला, म्हणजे पोलिसांच्या तातडीच्या मदतीच्या नंबरला लागला. आता दंड होणार काय? कव्हर तर तुमच्याकडचंच आहे!" बेळगावच्या खडेबाजारातल्या आमच्या मोबाईलच्या दुकानात हे वारंवार ऐकायला मिळतं, म्हणून हे पत्रक.

दंडाची भीती मनातून काढा. भारतीय न्याय संहितेचं कलम २१७ जाणूनबुजून खोटी माहिती देणाऱ्यासाठी आहे. तुम्ही कुणाला काही खोटं सांगितलेलंच नाही.

खरा घोळ पुढं होतो. लोक घाबरून कॉल कापतात आणि फोन बंद करून ठेवतात. पलीकडच्या माणसाला कसं कळावं, तुम्ही पडलात, की कुणी फोन हिसकावला? ते उलट फोन करतात, शोध घेतात, आणि खरी गरज असलेला तेवढा वेळ ताटकळतो. म्हणून लाईनवर थांबा. "चुकून लागला, मी सुखरूप आहे" एवढं बोला. कन्नडमधून सांगायचं तर "तप्पागी कॉल होगिदे" म्हणा, तेवढं पुरे.

२०१७ पासून भारतात विकायच्या फोनमध्ये पॅनिक बटणाची, म्हणजे संकटात झटकन मदत मागायची (एसओएस) सोय सक्तीची आहे. पॉवर बटण कुठं तीनदा, कुठं पाचदा पटापट दाबलं की ११२ ला कॉल सुटतो. घट्ट कव्हर ते बटण दाबून धरतं, पावसात ओलं झालेलं बटण अडकतं. त्याहून वाईट गाडीवरचा होल्डर. खानापूरहून येणाऱ्या एका गिऱ्हाइकाच्या होल्डरचा चिमटा नेमका पॉवर बटणावर बसला होता. प्रत्येक खड्ड्याला एक दाब! फोन बोटभर वर सरकवला आणि प्रकार थांबला.

"ते एसओएस कायमचं बंदच करून टाका" असं म्हणणाऱ्यांना आम्ही आधी थांबवतो, त्याचा काहींना राग येतो. पण रात्री एकट्या घरी परतणाऱ्या मुलीला, शेतात एकट्या असलेल्या म्हाताऱ्याला तेच बटण उपयोगी पडतं. बऱ्याच फोनमध्ये कॉलआधी उलटी मोजणी लावता येते. ती आम्ही लावून देतो, कशी थांबवायची तेही तुमच्याच हातानं करून घेतो. त्याचे पैसे नाहीत, कव्हर दुसरीकडचं असलं तरी.

नवं कव्हर बसवल्यावर बटण मोकळं उठतं का, हे तुमच्यासमोर दाबून बघतो. त्यात पाच मिनिटं जातात, तेवढं थांबा. दुरुस्तीला दिलेला फोन आमच्या टेबलावर असताना कॉल गेलाच, तर जबाबदारी आमची. आम्हीच बोलून खुलासा करतो आणि तुम्हालाही कळवतो. त्यासाठी फोन देताना घरातला दुसरा नंबर पावतीवर लिहून द्या.