झुरक्याचा धूर आणि शेजारच्याचा धूर

‘सिगारेट ओढणाऱ्याचा धूर त्याच्या फुप्फुसातून गाळून येतो, शेजारी बसून मला काय होणार?’ हा समज मुळातच चुकीचा आहे. पेटत्या सिगारेटमधून दोन धूर निघतात. एक ओढणारा झुरक्यासरशी आत घेतो. दुसरा दोन झुरक्यांच्या मधल्या वेळात पेटत्या टोकावरून थेट हवेत जातो. शेजारी बसलेल्याच्या वाट्याला येतो तो मुख्यतः हा दुसरा, साधारण 85 टक्के. बाहेर सोडलेला धूर उरलेला.

झुरका घेताना टोक 900 अंश सेल्सिअसच्या आसपास तापते. झुरका थांबला की ते 600 च्या आसपास उतरते, तंबाखू नुसता धुमसत राहतो आणि ज्वलन अर्धवट होते. या धुराच्या वाटेत फिल्टरही नसतो. म्हणून कार्बन मोनॉक्साइड, अमोनिया आणि कर्करोगकारक नायट्रोसमाइन टोकावरच्या धुरात जास्त असतात. खोलीतल्या हवेत तो विरळ होतो, हाच काय तो दिलासा.

पण विरळ धुराचा परिणाम प्रत्येक अवयवावर सारखा नसतो. फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका बराचसा मात्रेप्रमाणे चालतो: ओढणाऱ्याला 15 ते 30 पट, शेजारच्याला 20 ते 30 टक्के जास्त. हृदयाचे गणित मात्र फसवे आहे. ओढणाऱ्याला हृदयविकाराचा धोका 2 ते 4 पट, तर त्याच्या तुलनेत अगदी थोडा धूर घेणाऱ्यालाही 25 ते 30 टक्के जास्त. कारण प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या सूक्ष्म पेशी) चिकट होणे आणि रक्तवाहिन्यांचे अस्तर बिघडणे या गोष्टी थोड्या मात्रेतच सुरू होतात. पुढे मात्रा वाढली तरी परिणाम त्या प्रमाणात वाढत नाही. आधीच हृदयरोग असलेल्याने ‘थोडासाच धूर’ म्हणून बसून राहू नये. लहान मुलांत दमा बळावतो, कानाचे संसर्ग वाढतात आणि तान्ह्या बाळाच्या अचानक मृत्यूचा धोकाही वाढतो.

खिडकी उघडणे, पंखा लावणे किंवा शेजारच्या खोलीत जाऊन ओढणे पुरत नाही. धुराचे बहुतेक कण 1 मायक्रॉनपेक्षा (मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षा) लहान असतात आणि दाराच्या फटीतूनही पसरतात. चांगला एअर प्युरिफायर कण पकडतो, पण कार्बन मोनॉक्साइड त्यातून तसाच पार होतो. उरतो एकच उपाय, ओढणाऱ्याने घराबाहेर जाणे. गाडीत तर काच खाली करूनही नको.

संपर्क किती झाला हे तपासायचे असेल तर रक्तात, लघवीत किंवा लाळेत कोटिनिन, म्हणजे शरीरात निकोटिनपासून बनणारा पदार्थ, मोजतात. ते सुमारे 16 ते 20 तासांत निम्मे होते, म्हणून गेल्या दोन-तीन दिवसांचाच हिशेब मिळतो.