खारबांध आणि आतड्याचं अस्तर

"गोळ्यांनीच पोट बिघडलंय, महिनाभर बंद ठेव." एचआयव्हीसह जगणाऱ्यांना असा सल्ला आमच्या पेण-अलिबाग पट्ट्यात आजही मिळतो. एचआयव्हीच्या काही गोळ्यांनी मळमळ, जुलाब होतात हे खरं. लोपिनाविर-रिटोनाविरचा तर तो नेहमीचाच त्रास. पण बिघाडाचं मूळ गोळ्या सुरू होण्याच्याही आधीचं आहे.

लिम्फोसाइट, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, रक्तात असतात, असं आपण शाळेत शिकतो. प्रत्यक्षात रक्तात त्यातल्या जेमतेम २ टक्के सापडतात; मोठा साठा आतड्याच्या अस्तरात. एचआयव्हीला पेशीत शिरायला तिच्यावरचं सीडी४ आणि जोडीला बहुधा सीसीआर५ ही प्रथिनं लागतात. सीडी४ असलेल्या लिम्फोसाइट म्हणजे सीडी४ पेशी. आतड्यातल्या बहुतेक सीडी४ पेशींवर ही दोन्ही असतात. त्यामुळे पहिल्या काही आठवड्यांतच, लागण झाल्याचं कळायच्या आत, तिथल्या पेशींचा फडशा पडतो.

त्यातल्या टीएच१७ पेशींचं काम समजायला आपला खारबांध आठवा. खाडीचं खारं पाणी शेताबाहेर अडवणारा हा बांध मातीचा. कुर्ल्या त्याला बिळं पाडतात, उधाणाचं पाणी धडका देतं. तरी भातशेत खारावत नाही, कारण कुणीतरी फिरून बिळं बुजवत, चिखल लिंपत असतं. आतड्याचं अस्तरही पेशींचा एकच थर आहे: अलीकडे रक्त, पलीकडे अब्जावधी जिवाणू. टीएच१७ पेशी आयएल-१७ आणि आयएल-२२ हे रासायनिक निरोप सोडतात. त्यांनी अस्तराची झीज भरून निघते, पेशींमधले सांधे घट्ट राहतात, जिवाणूनाशक प्रथिनं स्रवतात. या पेशी गेल्या, की बांधाला खांड जाते. जिवाणूंच्या आवरणातलं लायपोपॉलिसॅकराइड रक्तात झिरपतं. २००६ साली संशोधकांनी ते रुग्णांच्या रक्तात मोजून दाखवलं. त्याने प्रतिकारयंत्रणा सतत चेतलेली राहते, आणि चेतलेल्या सीडी४ पेशींतच हा विषाणू जोमाने वाढतो. अन्नरस शोषणारे आतड्यातले बोटांसारखे उंचवटेही झिजतात. म्हणूनच शौचाच्या तपासणीत जंतू सापडत नसतानाही काहींचे जुलाब थांबत नाहीत, वजन घटत जातं.

गोळ्या विषाणूची वाढ रोखतात. रक्तातला सीडी४चा आकडा चढतो. आतड्यातला मात्र सावकाश, आणि बऱ्याचदा अपुराच. गोळ्या सोडल्या तर नुकती लिंपलेली माती पुन्हा वाहून जाते. जुलाब होत असतील तर एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात तिथे, सांगा, औषध बदलता येतं. भगताच्या अंगाऱ्याने खांड बुजत नाही, आणि 'आतडी साफ करणारा' काढा तर अंगातलं उरलंसुरलं पाणी नि क्षारही बाहेर काढतो.

रक्ताच्या तपासणीत सीडी४चा आकडा १००च्या खाली असेल तर पाणी खळखळून उकळूनच प्या. विहिरीत टाकतात त्या टीसीएल (क्लोरीनच्या) पावडरला क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी दाद देत नाही, आणि अशा माणसाला त्याचे जुलाब महिनोन्‌महिने छळतात.

पित्तावरची अँटासिडची बाटली घेतानाही घड्याळ बघा. तिच्यातलं मॅग्नेशियम नि ॲल्युमिनियम डोलुटेग्राविरला आतड्यातच धरून ठेवतं. गोळी घेऊनही औषध रक्तात पुरेसं पोचत नाही. सरकारी केंद्रात मोफत मिळणाऱ्या टीएलडी गोळीत हेच डोलुटेग्राविर असतं. ती अँटासिडच्या २ तास आधी घ्यावी, नाहीतर ६ तासांनंतर.