नोमिश माइन्स आणि हीलर

नोमिश माइन्स : नेटहॅक या रोगलाइक (म्हणजे ‘रोग’ या जुन्या संगणकीय खेळाच्या धर्तीवरील) खेळातील, मुख्य भुयारातून फुटणारी खाणींची शाखा. नवख्या खेळाडूंचे बळी घेण्याबद्दल ती कुप्रसिद्ध आहे. हीलर हे याच खेळातील वैद्याचे पात्र. शस्त्रविद्येत सर्वांत दुबळे, पण औषधे, उपचारमंत्र व पैसा यांनी संपन्न. या पात्राने या खाणीतून जिवंत कसे उतरावे, हा खेळाडूंमध्ये जुना वादविषय आहे. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः त्याचाच विचार केला आहे. (इंग्रजीत रोग म्हणजे लबाड, भटका. देवनागरीत लिहिले की मात्र वैद्याचा संबंध आपोआप जुळतो.)

खेळाच्या वंशावळीबद्दल फारसा वाद नाही, सनावळीबद्दल थोडा आहे. मूळ ‘रोग’ हा खेळ मायकेल टॉय व ग्लेन विचमन यांनी १९८० च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठात रचला. पुढे त्यात केन अर्नोल्ड सहभागी झाले. त्याच्या धर्तीवर जे फेनलसन यांनी मॅसॅच्युसेट्समधील शाळेत असताना मित्रांच्या मदतीने ‘हॅक’ लिहिला. त्याचे साल सामान्यतः १९८२ दिले जाते. परंतु हा खेळ सर्वदूर पोहोचला तो अँड्रिएस ब्राउवर यांनी ॲम्स्टरडॅममध्ये केलेल्या पुनर्लेखनातून, डिसेंबर १९८४ मध्ये व त्यानंतर. म्हणून काही ठिकाणी हॅकचा जन्म १९८४ किंवा १९८५ असा नोंदलेला आढळतो. लेखन आणि प्रसार यांत फरक करायचा तर १९८२ हेच साल ग्राह्य धरणे बरे. माइक स्टीफनसन यांनी जुलै १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेली आवृत्ती म्हणजे नेटहॅक. नावातील ‘नेट’ हे यूझनेट या जुन्या संगणकीय चर्चाजाळ्यावरून चाललेल्या सामूहिक कामाचे द्योतक आहे. ब्राउवर यांच्या हॅकमधील सहा पात्रांत हीलर नव्हता. तो नेटहॅकच्या सुरुवातीच्या वर्षांत आला असावा. खाणींची शाखा १९९३ मधील ३.१ आवृत्तीपासूनची.

‘नोम’ या शब्दाची व्युत्पत्ती मात्र खरोखरच अनिश्चित आहे. सोळाव्या शतकातील स्विस वैद्य पॅरासेल्सस याने पृथ्वीतत्त्वात राहणाऱ्या बुटक्या जीवांसाठी लॅटिनमध्ये हा शब्द वापरला. त्याचे हे लेखन त्याच्या मृत्यूनंतर, १५६६ मध्ये छापले गेले. ‘भूमीत राहणारा’ अशा अर्थाच्या एखाद्या कल्पित ग्रीक शब्दाचे हे बिघडलेले रूप असावे, असे एक मत आहे. ‘जाणणे’ या अर्थाच्या ग्रीक धातूशी त्याचा संबंध जोडणारे दुसरे मत आता मागे पडले आहे. पॅरासेल्ससने शब्द सरळ स्वतःच्या मनानेच घडवला असण्याचीही शक्यता आहे, आणि त्याची इतर नामकरणे पाहता ती नाकारण्याचे कारण दिसत नाही. येथे एक योगायोग नोंदवण्याजोगा आहे. खाणकामगारांच्या छातीच्या विकारांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिणारा वैद्यही हाच (मुद्रण १५६७). योआकिम्सथाल या खाणगावात वैद्यकी करणारा त्याचा समकालीन आग्रिकोला यानेही खाणीतील बुटक्या भुतांची दखल घेतली आहे. म्हणजे वैद्य, खाण आणि नोम ही सांगड खेळाच्या चारशे वर्षे आधीची. नेटहॅकच्या कर्त्यांना ती ठाऊक होती असे मात्र समजू नये. त्यांचे नोम टेबलावर फासे टाकून खेळल्या जाणाऱ्या भूमिकाखेळांतून आले असण्याचा संभव अधिक.

रचना : खाणीचा जिना मुख्य भुयाराच्या २ ते ४ या मजल्यांपैकी एकावर असतो. शाखेत आठ किंवा नऊ मजले असतात. ५ ते ८ या मजल्यांदरम्यान कोठेतरी माइनटाउन हे गाव लागते, तर तळाचा मजला १० ते १३ यांदरम्यान असतो. एरवीच्या चौकोनी खोल्या व सरळ बोळ येथे नाहीत. वेडीवाकडी मोकळी गुहा, आणि त्यात एकाच वेळी दहा-पंधरा रहिवासी. नोम एकेकटे किरकोळ असतात. खरा धोका ड्वार्फ या बुटक्या पण दणकट खाणकऱ्याचा. पडद्यावर तो लाल रंगाचे ‘एच’ हे अक्षर म्हणून दिसतो. त्याच्या प्रहाराची इजा ठरवायला आठ बाजूंचा एक फासा पडतो. हातात मॅटॉक, म्हणजे दोन हातांनी चालवायची अवजड कुदळ असेल, तर बारा बाजूंचा आणखी एक. एका फटक्यात जास्तीत जास्त २०, सरासरी ११.

आता वैद्याची बाजू. सुरुवातीला मानव हीलरचे १३ आणि नोम हीलरचे १२ एचपी (प्राणशक्तीचे अंक; ते संपले की मृत्यू) असतात. स्काल्पेल नेमके लागते, पण इजा १ ते ३ एवढीच. चामडी हातमोजे, स्टेथोस्कोप, हीलिंगची चार व एक्स्ट्रा हीलिंगची चार पोशन (औषधी पेये), झोपेचा वाँड (जादूची कांडी), तीन मंत्रपोथ्या, थोडी सफरचंदे आणि १,००१ ते २,००० सुवर्णनाणी हा त्याचा संसार. विषबाधा त्याला जन्मतःच होत नाही. उपचारमंत्राला ५ ऊर्जा लागते आणि आरंभीची ऊर्जा एका वेळेला पुरेल न पुरेल इतकीच असते. शिवाय प्रत्येक प्रयोगाने भूक वाढते. म्हणजे ज्या विद्येवरून पात्राचे नाव पडले, ती विद्या खाणीच्या तोंडाशी जवळजवळ निरुपयोगी. ती कामाला येते पुढे, आणि बऱ्याचदा स्वतःपेक्षा सोबतच्या कुत्र्या-मांजरावर.

पोशन कधी प्यावीत, यावर दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, जखमी होईपर्यंत राखून ठेवा. दुसरा म्हणतो, धडधाकट असतानाच पिऊन टाका. दुसऱ्या पक्षाचा आधार असा, की पोशनने एचपी कमाल मर्यादेच्या वर जाऊ लागले तर ती मर्यादाच कायमची वाढते : साध्या हीलिंगने १ ने आणि एक्स्ट्रा हीलिंगने २ ने, आणि हे एक्स्ट्रा हीलिंग अभिमंत्रित (म्हणजे दैवी आशीर्वाद लाभलेले) असल्यास ५ ने. आठही पोशनांचा हिशेब किमान १२ होतो. नोम हीलरचे १२ चे २४ होतात, मानवाचे १३ चे २५. दोन्ही आकडे मॅटॉकच्या २० च्या वर आहेत, आणि सगळी मेख यातच आहे. आधी जो फटका एका दणक्यात प्राण घेऊ शकत होता, तो आता घेऊ शकत नाही. पळायला एक चाल मिळते. ड्वार्फचा वेग ६ आणि खेळाडूचा १२ असल्याने ती एक चाल पुरते.

वरवर पाहता हा मुद्दा दुसऱ्या पक्षाच्या बाजूने निकाली निघतो. पण मर्यादा वाढण्याची अट ‘पिताना पूर्ण बरे असणे’ अशी नसून ‘भरलेले एचपी मर्यादेबाहेर सांडणे’ अशी आहे. एक्स्ट्रा हीलिंगला आठ बाजूंचे सहा फासे पडतात, सरासरी २७. एकूण मर्यादाच १२ असलेल्याचे ३ एचपी उरलेले असताना त्याने ते प्यायले, तरी भांडे बहुधा भरून सांडणारच. तेव्हा जखमही भरते आणि मर्यादाही वाढते. पहिल्या पातळीवर हा वाद अशा रीतीने बराचसा पोकळ ठरतो. मर्यादा साठ-सत्तरवर गेल्यानंतर मात्र तो खरा होतो. साध्या हीलिंगची गोष्ट थोडी निराळी. त्यात चार बाजूंचे सहा फासे, सरासरी १५. म्हणून एक्स्ट्रा हीलिंगची दोन-तीन अडचणीसाठी ठेवावीत आणि साधी आधी संपवावीत, हा मध्यममार्ग अधिक पटण्यासारखा आहे. सुरुवातीच्या सामानातली पोशन शापित कधीच नसतात, पण अभिमंत्रित असू शकतात. माइनटाउनच्या वेदीवर ठेवून रंगाची चमक पाहिली की ते कळते. चार पोशनांमागे बारा एचपीचा फरक पडत असल्याने तोवर एक्स्ट्रा हीलिंग न उघडण्याचा संयम काही खेळाडू पाळतात. अर्थात वेदीपर्यंत पोहोचलो तर.

पोहोचवण्याचे काम मुख्यतः झोपेचा वाँड करतो. त्यात ४ ते ८ प्रयोग असतात. गुहेच्या वळणावर लाल ‘एच’ दिसला की तो शेजारी येण्याची वाट न पाहता, तो सरळ किंवा तिरक्या रेषेत आल्याबरोबर किरण सोडायचा. ड्वार्फ सरासरी ७८ चाली झोपतो. त्याचे एचपी सरासरी ९, स्काल्पेलचा घाव सरासरी २. पाच-सहा घावांचे काम. मध्ये एकदा स्टेथोस्कोप लावून उरलेले एचपी मोजले तरी चाल खर्च होत नाही. धोका एकच : किरण भिंतीवर आपटून परततो आणि खाणीच्या ओबडधोबड भिंतींवरून तो कोणत्या बाजूला उसळेल याचा नेम नाही. तो स्वतःला लागला तर झोप राक्षसांच्या दुप्पट, सरासरी दीडशे चालींची. त्या झोपेतून खाणीत सहसा कोणी उठत नाही.

नोम वंशाचा हीलर घेतला तर यातले बरेच टळते. खाणीतील बहुतेक नोम व ड्वार्फ त्याला स्वकीय मानतात, वाटेत आडवे आले तरी हल्ला करत नाहीत. खाणीतच भेटणाऱ्या हिल ऑर्क व हॉबिट या इतर जातींना हे लागू नाही. स्वकीयाला मारल्यास दैव रुसते आणि दैव रुसलेल्याची प्रार्थना फळत नाही. प्रार्थना हा हीलरचा नववा डोस समजायला हरकत नाही. एचपी ५ वर किंवा मर्यादेच्या सातव्या हिश्श्यापर्यंत उतरल्यावर देवाला हाक मारली, तर तो पूर्ण बरे करतो. मात्र खेळाच्या अगदी पहिल्या शंभरेक चालींत ती करू नये आणि एकदा केल्यावर सुमारे हजार चाली तिच्या वाटेला जाऊ नये.

माइनटाउन : येथे देऊळ, दुकाने व पहारेकरी असतात. (दिव्यांच्या दुकानाचा मालक इझाक हे नाव नेटहॅकच्या विकासकांपैकी एक, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक इझाक मिलर यांच्या स्मरणार्थ आहे. ते १९९४ मध्ये वारले.) देवळातील पुजाऱ्याला आपल्या पातळीच्या ४०० पट नाणी दान केली की कायमचे संरक्षण एका अंकाने वाढते. पहिल्या पातळीवर दर ४००, दुसरीवर ८००. हीलरच्या थैलीत हजार ते दोन हजार नाणी असल्याने तो पहिल्या पातळीवरच येथे आला, तर दोन ते चार अंक विकत घेऊ शकतो. नेमकी २,००० असतील तर पाच. इतर बहुतेक पात्रांना यासाठी नाणी गोळा करत फिरावे लागते. खालच्या पातळीवर राहून स्वस्तात संरक्षण विकत घेण्याच्या या युक्तीला खेळाडू ‘प्रोटेक्शन रॅकेट’ म्हणतात. पण यात एक पेच आहे. ड्वार्फ मारला की अनुभव वाढतो आणि २० गुणांना दुसरी पातळी लागते. म्हणून दर सांभाळायचा तर झोपलेल्या ड्वार्फला तसेच सोडून पुढे जायचे किंवा त्याला सोबतच्या प्राण्याच्या हवाली करायचे. प्राण्याने मारलेल्याचा अनुभव खेळाडूच्या खाती पडत नाही. उपचारमंत्र कुत्र्यावर खर्च करण्यात शहाणपण आहे ते याचसाठी. आपले ऊर्जेचे पाच अंक आणि त्याचे दात. माइनटाउनच्या अनेक आराखड्यांपैकी एकात गाव ऑर्कांनी लुटलेले असते. तेथे पुजारी नसतो आणि सगळा बेत फुकट जातो.

माइनटाउनखालील मजल्यांवर उतरण्याचे हीलरला विशेष कारण नाही. तळाशी भाग्यशिला मिळते, एवढेच.

पदव्या व देवता : हीलरच्या पदव्या ऱ्हायझोटोमिस्ट (मुळ्या खणून कापणारा) पासून सुरू होतात. त्याच्या देवता अथीना, हर्मीस व पोसायडन. स्वतंत्र मोहिमेचा प्रमुख हिपोक्रेटीस आणि तेथील दिव्य वस्तू म्हणजे वैद्यकाचा देव एस्क्युलेपियस याची काठी. एका सापाची एस्क्युलेपियसची काठी आणि दोन सापांचा हर्मीसचा दंड यांत नेहमी होणारी गल्लत पाहता, वैद्याच्या देवांत हर्मीस असणे आणि एस्क्युलेपियस नसणे जरा गमतीचे वाटते. खेळाच्या शेवटच्या भागातील गेहेनोम या पाताळात यांपैकी एकाही देवाला केलेली प्रार्थना पोहोचत नाही. तेथे हीलर बरा होतो तो मुख्यतः बरोबर नेलेल्या पोशनांनी आणि एव्हाना ऊर्जा पुरू लागलेल्या मंत्रांनी.