घारे डोळे कोणावर गेले: एका नियमाची पार्श्वभूमी

‘घारा’ हा शब्द जनुकशास्त्राच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही आणि डोळ्यांच्या रंगाबद्दलचा निम्मा गोंधळ तिथूनच सुरू होतो. जळगाव-धुळ्याकडे मधाच्या रंगाचा डोळा घारा, हिरवट झाक असलेला घारा, राखाडी घारा आणि क्वचित कुणाचा खरोखर निळा असला तर तोही घाराच. त्यात ‘बुबुळ’ची भर. नेत्रदानाच्या बातम्यांत बुबुळ म्हणजे पुढचं पारदर्शक पारपटल असतं. इथे मात्र त्यामागचा रंगीत पडदा अभिप्रेत आहे.

या पडद्याचा मागचा थर जवळजवळ सगळ्यांचाच गडद असतो. फरक पडतो तो पुढच्या थरातल्या मेलॅनिन या गडद रंगद्रव्याने. ते भरपूर असेल तर डोळा काळा-तपकिरी, कमी असेल तर मधाळ किंवा हिरवट. अगदीच नसल्यासारखं असेल तर प्रकाश विखुरतो आणि डोळा निळा दिसतो. निळं रंगद्रव्य माणसाच्या डोळ्यात नसतंच.

तपकिरी प्रभावी, निळा अप्रभावी (म्हणजे दोन्ही एकत्र आले तर तपकिरीच दिसतो) हा नियम 1907 चा. इंग्लंडमधल्या त्या मूळ मांडणीत विभागणी तपकिरी-निळ्याची नव्हतीच. पुढच्या थरात रंगद्रव्य आहे की नाही, एवढंच पाहिलं होतं. बाहुलीभोवती पिवळसर कडं दिसलं तरी तो डोळा ‘आहे’च्या बाजूला गेला. पुढे पाठ्यपुस्तकी सोयीसाठी त्याचं तपकिरी-निळं झालं आणि आपल्याकडे निळ्याच्या जागी घारा येऊन बसला. ही अदलाबदल चुकीचीच. आपल्याकडचे बरेचसे घारे डोळे मूळ हिशेबाने ‘आहे’च्या रकान्यातले, म्हणजे प्रभावी बाजूचे आहेत. त्यामुळे ‘दोघं घारे, मग मूल काळ्या डोळ्यांचं कसं?’ या प्रश्नात दम नाही आणि त्यावरून बाईवर संशय घेण्याला तर काडीचा आधार नाही. निळ्या-निळ्या जोडप्यांनाही तपकिरी डोळ्यांची मुलं होतात, हा आक्षेप 1909 मध्येच नोंदवला गेला होता. पुस्तकातला तक्ता मात्र तसाच राहिला.

खरा उलगडा 2008 चा. 15 व्या गुणसूत्रावर मेलॅनिनशी संबंधित ओसीए2 नावाचं जनुक आहे. त्याचं बटण डीएनएची सुमारे 21 हजार अक्षरं अलीकडे, शेजारच्या एचईआरसी2 जनुकात सापडलं. तिथलं एक अक्षर बदललं की ओसीए2 मंदावतं. 2021 मध्ये जवळपास दोन लाख लोकांच्या अभ्यासातून डोळ्याच्या रंगाशी जोडलेल्या डीएनएवरच्या 61 जागा पुढे आल्या. म्हणजे मोठं बटण एक, बारीक कळा पुष्कळ. एवढ्यावरून घाऱ्या डोळ्यांच्या घराण्याचं मूळ कुठल्या मुलखात होतं हे सांगणं म्हणजे थापा.

आजी-आजोबांचा रंग नातवंडात कसा उगवतो, हे कपाशी पेरणाऱ्याला वेगळं सांगायला नको. संकरित कपाशीची सरकी राखून पुढच्या साली पेरली की झाडं एकसारखी येत नाहीत. पहिल्या पिढीत झाकलेले गुण दुसऱ्या पिढीत फुटून निघतात. केळीच्या मुनव्यात असं होत नाही, कारण तिथे बी नाही, मिसळणं नाही.

बाळाला प्रत्येक जागेची एक प्रत आईकडून, एक बापाकडून मिळते. आईकडची प्रत तिच्या आईची असते किंवा तिच्या वडिलांची. मोठ्या बटणाच्या दोन्ही प्रती फिकट, म्हणजे बदललेल्या अक्षराच्या असल्या तरच सहसा रंग खूप उतरतो. म्हणून ‘आईच्या वडिलांवर गेला’ हे अर्धंच खरं. दुसरी फिकट प्रत बापाच्या घरातूनच आलेली असते, तिकडे तीन पिढ्या सगळ्यांचे डोळे काळे असले तरी. काळ्या डोळ्यांच्या आईबापांकडे एकेक फिकट प्रत असेल, तर दर बाळंतपणाला दोन्ही फिकट प्रती येण्याची शक्यता चारात एक. पहिलं मूल घारं झालं म्हणून पुढच्याची शक्यता बदलत नाही.

रंग ठरवायचा तर दिवसा खिडकीजवळ, पण डोळ्यावर थेट ऊन न घेता पाहावा. बाहुली आकसली की पडदा पसरतो आणि डोळा फिकट भासतो. मोबाईलचा कॅमेरा रंग आपल्या मनाने बदलतो. फिकट डोळ्यांच्या तान्ह्या बाळाचा निवाडा तर वर्षभर करूच नये, काहींचा रंग तिसऱ्या वर्षापर्यंत गडद होत राहतो. मोठेपणी एकाच डोळ्याचा रंग बदलला तर तो वारसा नव्हे. काचबिंदूच्या काही थेंबांनी घारा डोळा कायमचा गडद होऊ शकतो. थेंब चालू नसतील, तर नेत्रतज्ज्ञाकडे जावं.